पुसट अक्षरांबद्दल मुग्धाला

पुणे

चि. मुग्धास,

प्रबंधाची फाइल मिळाली. गणिताबद्दल मी बोलणार नाही, ते तुझे सर बघतील. अक्षरांबद्दल मात्र बोलणार, कारण माझी सगळी नोकरी टाइपसेटिंगमध्ये गेली. स्क्रीनवर ती पुसट आणि कडांना खरखरीत दिसतात, ही तुझी तक्रार बरोबर आहे. पण त्यावर तू केलेले उपाय वाचून तुझा कान धरावासा वाटला. फॉन्ट एका पॉइंटने मोठा केलास, पीडीएफची पुन्हा पीडीएफ केलीस, वर स्क्रीनचं सेटिंगही बदललंस. अगं, आधी फाइलच्या पोटात काय आहे ते तरी बघायचंस!

फाइल ॲक्रोबॅटमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबून ‘फॉन्ट्स’ टॅबवर गेलीस की फॉन्टची यादी दिसते. तू लिनक्सवर आहेस, तेव्हा टर्मिनलवर ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा चालव. मी तुझ्या फाइलवर चालवली. मजकुराच्या प्रत्येक फॉन्टपुढे ‘टाइप ३’ आलं. तिथे ‘टाइप १’ हवं होतं. मग लाटेकच्या लॉग फाइलचा शेवट बघ. तिथे ‘ईसीआरएम१२००’ या नावामागे ‘६००पीके’ असं शेपूट लागलेलं आहे. म्हणजे ती अक्षरं वक्ररेषांची नाहीत, इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने भरलेली चित्रं आहेत. पान ८०० टक्क्यांवर नेलंस तर ‘एस’च्या पाठीवर जिन्याच्या पायऱ्या दिसतील.

यात लाटेकची चूक नाही. १९७७ साली डोनाल्ड क्नुथ यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. त्यांतली अक्षरं त्यांना इतकी नापसंत पडली की त्यांनी लाटेकच्या मुळाशी असलेलं टेक आणि त्याच्या जोडीला मेटाफॉन्ट लिहायला घेतलं. मेटाफॉन्ट अक्षराचं गणित करतं आणि दिलेल्या प्रिंटरच्या ठिपक्यांत ते बसवून देतं. कागदासाठी ते उत्तमच आहे. म्हणून तर सरांना दिलेली छापील प्रत स्वच्छ दिसली. स्क्रीनवर ठिपके कितीतरी कमी, त्यामुळे ६००चं चित्र आकसून दाखवावं लागतं आणि बारीक रेघा विरतात.

आता तुझा खरा प्रश्न: तीच फाइल विभागातल्या मशीनवर चालवली तर अक्षरं सुरेख का येतात? तू टी१ एन्कोडिंगची ओळ घातली आहेस, ती योग्यच आहे. पण त्या एन्कोडिंगचे वक्ररेषांचे फॉन्ट ‘सीएम-सुपर’ या वेगळ्या पॅकेजात असतात. उबुंटूवर टेक लाइव्ह थोडक्यात बसवलं तर ते येत नाही. फॉन्ट सापडला नाही की लाटेक कुरकुर न करता मेटाफॉन्टकडून चित्रं काढून घेतं आणि काम पुढे रेटतं. एकदा मात्र ते कुरकुरलं होतं. मायक्रोटाइप पॅकेज घातल्यावर ‘फॉन्ट स्केल होणारे नाहीत’ अशा अर्थाची एरर आली, आणि तू मायक्रोटाइपच काढून टाकलंस! ती एरर नेमकं हेच सांगत होती.

तर सीएम-सुपर बसव आणि फाइल पुन्हा चालव. लॉगमध्ये आता ‘एसएफआरएम१२००’ आणि पुढे ‘पीएफबी’ दिसायला हवं. कोणी तुला लॅटिन मॉडर्न वापर म्हणेल. फॉन्ट चांगला आहे. पोलंडच्या यात्सकोव्स्की आणि नोवात्स्की यांनी तो घडवला, आणि नव्या लेखाला मी स्वतः तोच घेते. पण सरांनी पानं आणि ओळी मोजून दुरुस्त्या दिल्या आहेत. सीएम-सुपर आत्ताच्याच फॉन्टची मापं वापरतं, त्यामुळे एक ओळही हलणार नाही. लॅटिन मॉडर्नची तशी खात्री नाही. मायक्रोटाइपही ओळी हलवतं, तेव्हा दुरुस्त्या आटोपेपर्यंत ते बाहेरच राहू दे. आणि सगळा प्रबंध झीलाटेकवर न्यायचा तुझा बेत तर सबमिशन होईपर्यंत मनातसुद्धा आणू नकोस. मराठी सारांशाची दोन पानं तेवढी झीलाटेकमध्ये आयआयटी मुंबईच्या शोभिका फॉन्टवर वेगळी कर आणि पीडीएफ म्हणून आत जोड.

यानंतरही यादीत दोनचार ‘टाइप ३’ उरतील. घाबरू नकोस, ते तुझ्या आलेखांतले आहेत. आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब आपण होऊन टाइप ३च देतं, पण ती अक्षरं वक्ररेषांची असतात, पुसट होत नाहीत. तरी काही नियतकालिकं टाइप ३ दिसलं की फाइल परत पाठवतात, म्हणून पुढे पेपर देताना तिथला फॉन्टटाइप ४२ करत जा. तिसऱ्या प्रकरणातली स्क्रीनशॉट घेऊन चिकटवलेली आकृती मात्र खरंच पुसट आहे. ती मूळ प्रोग्रॅममधून पीडीएफमध्येच काढ, तिला दुसरा इलाज नाही.

हे सगळं आताच करायला सांगते आहे, कारण परीक्षक प्रबंध स्क्रीनवर वाचणार आणि पुढे तीच पीडीएफ शोधगंगेवर जाणार. तिथे कोणी शब्द शोधायला किंवा उतारा कॉपी करायला गेलं तर चित्रांच्या फॉन्टचा भरवसा नसतो.

आज रात्री फाइल पुन्हा चालव आणि फॉन्टची यादी मला पाठव. पीडीएफ नको, यादीच पाठव.

तुझी,
मावशी