कॉन्सल : न्यायाधीश कीं पाठीराखा?

‘कॉन्सल’ हा शब्द आपणांस प्रथम रोमच्या इतिहासांत भेटतो. तेथें राजसत्ता नष्ट झाल्यावर दरवर्षीं दोन कॉन्सल निवडले जात. सैन्याचें आधिपत्य त्यांचेकडे असे; परंतु मुदत एकाच वर्षाची, आणि एकाचा हुकूम दुसऱ्यास अडवितां येई. सत्ता मोठी, पण तिला लगाम होता.

मध्ययुगांत हेंच नांव निराळ्या अधिकाऱ्यास मिळालें. भूमध्यसमुद्राच्या पूर्वेकडील बंदरांत राहणाऱ्या इटालियन व्यापाऱ्यांचे तंटे त्यांच्याच कायद्यानें तोडणारा तो कॉन्सल. १५६९ सालीं तुर्की सुलतानानें फ्रेंचांसही अशा सवलती दिल्या.

परक्यांच्या सोयीसाठीं दिलेली ही सवलत पुढें दुर्बळ राष्ट्रांस बेडीप्रमाणें जाचूं लागली. १८५८ च्या तहांमुळें जपानांतील परदेशीय आरोपीचा न्याय त्याच्याच देशाचा कॉन्सल करूं लागला. १८८६ सालीं ‘नॉर्मंटन’ हें इंग्रजी जहाज जपानच्या किनाऱ्याजवळ बुडालें. कप्तान व त्याचे बहुतेक युरोपियन सोबती होड्यांतून बचावले. २५ जपानी उतारू मात्र सर्वच्या सर्व बुडाले. कोबे येथील ब्रिटिश कॉन्सलपुढें झालेल्या चौकशींत कप्तान निर्दोष ठरला. जपानांत संताप उसळला, तेव्हां योकोहामा येथील ब्रिटिश न्यायालयांत खटला चालून त्यास तीन महिन्यांची कैद झाली. ज्यांचीं माणसें गेलीं, त्यांच्या देशाच्या न्यायाधीशास मात्र निवाड्याचा अधिकारच नव्हता!

जपानांत ही पद्धति १८९९ त संपली, तुर्कस्तानांत १९२३ च्या लोझान तहानें. चीनमधील हा हक्क ब्रिटन व अमेरिका यांनीं १९४३ त सोडला.

आजच्या कॉन्सलचे अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना करारानें ठरले आहेत. तो पासपोर्ट देतो, संकटांत सांपडलेल्या देशबांधवांस साहाय्य करितो. परदेशीयास अटक झाल्यास कॉन्सलला कळविण्याचा त्याचा हक्क त्यास विनाविलंब सांगितला पाहिजे. कॉन्सल त्याला तुरुंगांत भेटूं शकतो, वकील मिळवून देऊं शकतो. सोडवून मात्र नेऊं शकत नाहीं.

२०१७ सालीं पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानें भारताचे माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांस देहान्ताची शिक्षा फर्माविली. भारतीय कॉन्सलला त्यांची भेट नाकारली गेली होती. १७ जुलै २०१९ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें हा कराराचा भंग ठरवून शिक्षेच्या फेरविचाराचा आदेश दिला. सुटकेची मागणी मात्र मान्य केली नाहीं.

कॉन्सलच्या हातून न्यायासन गेलें, पण निराधारापाशीं उभें राहण्याचा मान त्याला मिळाला. मात्र परदेशीं अडकलेल्या आपल्या बांधवासाठीं जो हक्क आपण मागतों, तोच आपल्या देशांत अटकेंत असलेल्या परक्यासही मिळाला पाहिजे, हें आपण विसरूं नये.