शिक्षकांचा शीण

असोद्याच्या कोणत्याही शेतकऱ्यास विचारा. एकाच वावरांत वर्षानुवर्षें कपाशी घेतली आणि शेणखत घातलें नाहीं, तर काळी जमीनसुद्धां थकते, असें तो सांगेल. जमिनीविषयीं जें आपण सहज जाणतों, तें शिक्षकांविषयीं मात्र विसरतों.

विद्यार्थिमित्रांनो, पूर्वी हंसतमुख असणारे एखादे गुरुजी आतां लहानशा प्रश्नानेंही चिडतात, वह्या तपासतात पण शेरा लिहीत नाहींत, असें तुम्हीं पाहिलें असेल. 'ते आळशी झाले,' असा निकाल आपण देऊन टाकतों. परंतु १९७४ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं, लोकसेवेंत मन ओतणाऱ्या माणसांत ही अवस्था पाहून तिला नांव दिलें; त्या नांवाचा अर्थ जळून संपणें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तिचीं तीन अंगें सांगितलीं: शक्ति ओसरणें, कामाविषयीं मन दूर वा कडवट होणें, आणि आपल्या हातून नीट कांहीं होत नाहीं असें वाटणें. संघटना तिला रोग म्हणत नाहीं. कामाचा दीर्घकाळ न आवरलेला ताण म्हणते. ज्यानें कामांत कधीं मन घातलेंच नाहीं, त्याचें जळणार तरी काय?

आपल्या खानदेशांत शिक्षकाचा आदर्श म्हणून साने गुरुजींचें नांव घेतात, आणि तें योग्यच आहे. १९२४ ते १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत होते. वसतिगृहांतील मुलांच्या खोल्या ते झाडीत, आजाऱ्यांची शुश्रूषा करीत, शिवाय मुलांसाठीं हस्तलिखित दैनिक लिहीत. पालकहो, हें उदाहरण सभेंत ऐकतांना मला थोडी भीति वाटते. गुरुजींस स्वतःचा संसार नव्हता; तीं मुलें हाच त्यांचा संसार. आजच्या शिक्षकाच्या घरीं म्हातारे आईबाप व मुलें असतात, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका हीं कामेंही त्याला लावतां येतात. गुरुजींनीं जें आपखुशीनें दिलें, तें दुसऱ्याकडून मागून घेतलें म्हणजे ती वेठ होते.

याहून जुनें एक उदाहरण पुण्याचें आहे. सावित्रीबाई फुले शाळेंत जातांना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकीत, हें तुम्हांस ठाऊकच आहे. त्याच सावित्रीबाई १८५६ सालीं आजारी पडून नायगांवीं माहेरीं विश्रांतीस गेल्या होत्या, हें फारसें कोणी सांगत नाहीं. १० ऑक्टोबर रोजीं तेथून जोतीरावांस धाडलेल्या पत्रांत त्यांनीं फातिमाची आठवण काढली: तिला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाहीं. एवढ्या धैर्याच्या बाईलाही अंथरूण धरावें लागलें. आणि तिच्या मागें काम ओढणारी सोबतीण होती.

माझ्या नोकरीच्या बाराव्या वर्षीं वर्गाची पायरी चढतांना पाय जड होऊं लागले. मीं कोणास सांगितलें नव्हतें. एका सहकाऱ्यानें एके दुपारीं न विचारतां माझ्या टेबलावरील दोन वर्गांच्या वह्या उचलून नेल्या आणि म्हटलें, "आठवडाभर या माझ्याकडे. तुम्ही घंटा झाली कीं घरीं जा." चौथ्या दिवशीं मीं वाचनालयांतून एक पुस्तक आणलें. वर्गांत शिकवावयाचें नसलेलें असें पुस्तक मीं कित्येक महिन्यांनीं हातीं घेतलें होतें.