लॉगिन सर्व्हर बसवताय? आधी त्याला सोमवारची सकाळ दाखवा!

कॉलेज, पतसंस्था, हॉस्पिटल अशा ठिकाणी आयटी सपोर्टचं काम घ्यायचा विचार करताय? मग हा धडा तुमच्यासाठीच आहे.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे संस्थेच्या गेटवरची वही. कोण आत येणार, कुठल्या विभागातला, पासवर्ड बरोबर आहे का, हे सगळं इथेच तपासलं जातं. ओपनएलडॅप, 389 डिरेक्टरी सर्व्हर, मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही त्यातली माहितीची नावं. ही वही अडकली की बिलिंग, मेल, वायफाय सगळंच अडकतं. आणि फोन कोणाला येतो? तुम्हाला! म्हणून सर्व्हर ताब्यात देण्याआधी लोड टेस्ट करायचीच.

1. गर्दीचा आकडा काढा

दिवसाची सरासरी धरू नका, सगळ्यात वाईट वेळ धरा. समजा, कॉलेजात 600 संगणक आहेत. वीज गेली, परत आली आणि 2 मिनिटांत सगळ्यांनी लॉगिन केलं. म्हणजे सेकंदाला 5 लॉगिन. पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका लॉगिनला तीन कामं होतात: सॉफ्टवेअर स्वतःची ओळख देतं, माणसाचं नाव शोधतं, मग त्याचा पासवर्ड तपासतं. झाली सेकंदाला 15 कामं. त्यात मेल, वायफाय आणि फीचं सॉफ्टवेअर तेवढ्याच वेळा विचारायला आलं तर 60.

2. टेस्ट खरी वाटली पाहिजे

अपाची जेमीटर हे मोफत टूल आहे आणि त्यात एलडॅपची सोय आहे. टेस्ट त्याच्या खिडकीत तयार करा, पण चालवताना कमांडवरून चालवा. आणि हो, जेमीटर वेगळ्या मशीनवर ठेवा, नाहीतर दोघांची ओढाताण होऊन आकडे चुकतात.

चालू सर्व्हरवर प्रयोग नको, तसाच दुसरा उभा करा. खोटी नावं भरा. ग्राहकाच्या लोकांची खरी माहिती आपल्या लॅपटॉपवर आणायची नाही. एकच नाव हजारदा शोधू नका. ते मेमरीतून पटकन मिळतं आणि सर्व्हर उगाच शूर वाटतो! दरवेळी वेगळं नाव घ्या. प्रत्यक्षात एन्क्रिप्शन चालू राहणार असेल, तर टेस्टमध्येही चालूच ठेवा.

3. सरासरीवर भुलू नका

100 लॉगिनपैकी 95 जणांना 0.02 सेकंद लागले आणि 5 जणांना 8 सेकंद. सरासरी येते साधारण 0.42 सेकंद. कागदावर झकास! पण ते 5 जण तुमच्या नावानं ओरडणार. म्हणून 100 पैकी 95 आणि 99 कामं किती वेळात उरकली, ते बघा.

मग भार वाढवत न्या: 60, 120, 240. वेळ एकदम कुठे चढते, ती तुमच्या सर्व्हरची खरी मर्यादा. त्यानंतर नेहमीचा भार काही तास सलग ठेवून बघा. उघडलेली कनेक्शन्स बंदच होत नसतील, तर ते तेव्हाच कळतं.

4. महागडं मशीन घ्यायच्या आधी

सेकंदाला 60 कामं म्हणजे नीट बसवलेल्या सर्व्हरला फार नाहीत. तरी अडतंय? मग आधी इंडेक्स तपासा. ज्या गोष्टीवरून शोध होतो, उदाहरणार्थ लॉगिन नाव, तिला इंडेक्स नसेल तर सर्व्हर पहिल्या पानापासून अख्खी वही चाळतो. 50 नोंदी असताना कळतही नाही, 50,000 झाल्या की दम लागतो. इंडेक्स लावा आणि तीच टेस्ट परत चालवा. ग्राहकाचा नव्या मशीनचा खर्च वाचू शकतो.

5. हा कागदच तुमचा सेल्समन

एका पानाचा रिपोर्ट द्या: कुठलं मशीन, किती नोंदी, किती भार, किती वेळ, मर्यादा कुठे. "सर्व्हर एकदम फास्ट आहे हो" असं तोंडी सांगणारे खूप भेटतात. तुम्ही आकडा लिहून सही करा, पण टेस्टमध्ये दिसला तेवढाच. पुढे संस्था वाढली तर एएमसीची बोलणी याच कागदावरून सुरू होतात.

गृहपाठ: जुन्या संगणकावर ओपनएलडॅप बसवा, 10,000 खोटी नावं भरा. इंडेक्सशिवाय एकदा आणि इंडेक्स लावून एकदा टेस्ट करा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. पहिल्या ग्राहकासमोर बसाल तेव्हा तेच पान उघडा!