भाच्या, हात छातीशी ठेव

बाळ्या, तो पाण्याखालच्या पुतळ्याचा व्हिडिओ तू मला तीनदा दाखवलास, तेव्हाच ओळखलं की आता मालवणची गाडी निघणार. जा बाबा, खुशाल जा. रंकाळ्याच्या काठी वाढलेल्या पोराने प्रवाळ डोळ्यांनी बघावेत ही माझीही हौस आहे. फक्त फोंडा घाट उतरायच्या आधी एवढं कानात साठवून ठेव; यातली जवळजवळ प्रत्येक चूक मी करून बसलेय.

१. पाण्यात उतरायच्या सकाळी कटाची मिसळ नको, एखादं केळं नाहीतर थोडा उपमा खा – होडी हलायला लागली की तर्री आधी घशाशी येते.

२. कोल्हापुरी पायताण खोलीवरच राहू दे – खारं पाणी मुरलं की कातडं ताठरतं.

३. पंचगंगेत सूर मारतोस ते मला ठाऊक आहे, तरी लाइफ जॅकेट काढायचं नाही. जलतरणपटू वीरधवल खाडेच्या गावचे म्हणून आपल्याला पाण्याचा अभिमान असतो, पण नदीचा सोयरा दर्याचा जावई होत नाही – इथे भरती-ओहोटीची ओढ असते आणि ती वरून दिसत नाही.

४. होडीचा तांडेल 'आज नको' म्हणाला तर दुसरी होडी शोधू नकोस – त्याला वारा वाचता येतो. पावसाळ्यात तर नावच काढू नकोस. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाणी नितळ मिळतं.

५. मिशी ठेवलीस, छान दिसतोस म्हणते मी. पण नाकाखालचे केस थोडे कातर – मास्कची कड कातडीला चिकटली नाही की तिथून पाणी झिरपतं आणि तू प्रवाळ बघायचा सोडून नाक पुसत बसतोस.

६. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळ आणि समुद्राच्या पाण्यात एकदा विसळून घे. नाक मुरडू नकोस – काचेवर वाफ धरत नाही.

७. सर्दी असेल तर किनाऱ्यावर बस. मी एकदा चोंदलेल्या नाकाने उतरले आणि पुढचे आठ दिवस एका कानाने ऐकलं – दर दहा मीटरला वरच्या हवेइतका आणखी एक दाब वाढतो, आणि पहिल्या दोन मीटरमध्येच कान तो सांगायला लागतो.

८. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि तेही कान दुखायच्या आधी. दुखल्यावर फुंकणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करणं – तोवर कान मिटलेला असतो. मग जोर करू नकोस, थोडं वर ये आणि पुन्हा बघ.

९. टाकीची हवा घेतोस तोवर श्वास कधीही रोखायचा नाही – वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस.

१०. खाली सगळं छान आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ कर. नुसता अंगठा वर दाखवलास तर प्रशिक्षक तुला वर घेऊन येईल – पाण्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'वर चला' असाच आहे.

११. आता हातांचं. ते छातीशी घडी घालून ठेव, आणि कुठेही उभा राहू नकोस. तुला जो रंगीत दगड वाटतो तो बारीक बारीक जिवांचा वाडा असतो, आणि गोलसर प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो. मी पहिल्या वेळी दमले म्हणून एका खडपावर पाय टेकला. पायाखाली बारीक कुरकुर झाली, पापड मोडावा तशी. तो आवाज अजून आठवतो. दम लागला तर उताणा हो आणि तरंग – खारं पाणी धरून ठेवतं.

१२. पाय कमरेतून, सावकाश हलव – धपाधप मारलेस की वाळू उठते, ती प्रवाळावर बसते आणि त्याचा श्वास कोंडतो.

१३. मासे जमावेत म्हणून कुणी पाव टाकायला दिला तर नको म्हण – शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवणारे मासे पावाला सोकावतात. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथे पाहुण्याने ताट वाढायचं नसतं.

१४. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा अंगरखा घाल – स्नॉर्केलिंगला पाठच सगळ्यात जास्त भाजते, आणि क्रीममधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात.

१५. तुझा तो व्हिडिओतला पुतळा फ्लोरिडातल्या 'की लार्गो'च्या प्रवाळात १९६५ पासून उभा आहे, ब्राँझचा येशू, हात वर केलेला, पंचवीसेक फूट पाण्यात. कधी तिथे पोचलास तर मिठी मारून फोटो काढू नकोस – त्याच्या अंगावर मोहरीच्या रंगाचा अग्निप्रवाळ चढलाय, हात लागला की ठेच्याने भाजल्यासारखी आग होते.

१६. आपल्याकडेही तसं काही होऊ घातलंय. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौदलाची 'गुलदार' नौका निवतीच्या खडकाजवळ समुद्रतळाशी ठेवून तिचं संग्रहालय करायची योजना आहे. तिच्यासाठी आत्तापासून तयारीला लाग, तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत रीतसर शिकून प्रमाणपत्र घे – पंधरा मिनिटांच्या हौशी डुबकीत तुझा हात प्रशिक्षकाच्या हातात असतो. जहाज बघायला तो स्वतःच्या ताब्यात लागतो.

१७. स्कुबा केलंस त्या दिवशी घाट चढायचा नाही, रात्र मालवणातच काढ. पाण्याच्या दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो, आणि त्याला बाहेर पडायला वेळ लागतो – लगेच उंचावर गेलास तर त्याचे बुडबुडे धरतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. विमानाचं सगळे सांगतात, एका डाइव्हनंतर १२ तास, जास्त केल्यास १८. घाटाचं कुणी सांगत नाही. अरे, आपलं कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे, आणि वाटेतलं दाजीपूर त्याहूनही उंच. उथळ डुबकीला धोका थोडा, हे खरं. पण तू पुढे खोल जाणार आहेस, म्हणून सवय पहिल्यापासून हवी. नुसतं स्नॉर्केलिंग केलंस तर हा नियम नाही, तिथे तू वरचीच हवा घेतोस.

१८. थांबायचंच आहे तर दुसऱ्या सकाळी होडीने सिंधुदुर्गात जा. शिवराजेश्वराच्या देवळात राजाराम महाराजांनी बसवलेली शिवरायांची मूर्ती आहे, आणि तटाजवळच्या घुमटीत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा दाखवतात. पहिली होडी पकड – नऊनंतर तटावरचा दगड तापतो, आणि तुझं पायताण तर खोलीवर असेल.