मॅपल वृक्षाचा रस आणि त्याची बिअर

झाडाच्या रसापासून पेय करण्याची कला मराठी वाचकास अपरिचित नाही. कोकणातील माडी, गोव्यातील सूर आणि पहाटेची थंडगार नीरा ही सारी त्याच कुळातील होत. परंतु हिवाळ्यात जेथे हिमाचे थर साचतात, अशा कॅनडाच्या पूर्व भागात व अमेरिकेच्या ईशान्य राज्यांतही एक वृक्ष गोड रस देतो. तो म्हणजे ‘शुगर मॅपल’. हा रस वसंताच्या तोंडावर काढून त्याचा पाक करण्याची रीत जुनी आहे. पानगळ झाल्यानंतर, म्हणजे शरदाच्या अखेरीसही तो वाहू शकतो आणि त्याची बिअरही करता येते. मग शरदात तो काढावा की काढू नये? या प्रश्नात वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र अशी तिन्ही शास्त्रे गुंतलेली आहेत.

रस वाहतो कसा?

माडाची पोय कापली की जो रस ठिबकतो, तो रसवाहिन्यांतील असतो. त्यात साखर भरपूर असते आणि आपल्या उष्ण हवेत तो काही तासांतच आपोआप आंबू लागतो. मॅपलचा रस खोडाच्या लाकडातून येतो. उन्हाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न झाड लाकडात पिष्टाच्या रूपाने साठविते. थंडी पडू लागली की या पिष्टाची साखर होऊ लागते. रात्री तापमान शून्याखाली गेले म्हणजे लाकडातील सूक्ष्म पोकळ्यांत बर्फ धरतो, तेथील वायू दाबला जातो आणि मुळांकडून पाणी वर ओढले जाते. दिवसा बर्फ वितळला की तोच वायू प्रसरण पावून रसाला बाहेर ढकलतो. तेव्हा रात्री गोठण आणि दिवसा वितळण हे चक्र जेथे चालते तेथेच रस वाहतो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा त्याचा मुख्य हंगाम. पानगळीनंतरच्या थंडीतही काही दिवस हे चक्र चालते, म्हणून शरदातही रस मिळतो.

या रसात साखर सुमारे २ टक्केच असते. व्हरमाँट राज्यातील उत्पादक त्यासाठी ‘८६ चा नियम’ सांगतात. ८६ ला साखरेच्या टक्केवारीने भागले, की एक माप पाकासाठी किती मापे रस लागेल ते कळते. २ टक्क्यांच्या रसाची ४३ मापे लागतात, दीड टक्क्याची ५७. शरदातील रस बहुधा कमी गोड असतो. तो आटविण्यास इंधन अधिक लागते आणि पाकाचा व्यवहार तोट्यात जातो.

थोडा इतिहास

गोरे लोक येण्यापूर्वीपासून अनिशिनाबे, अबेनाकी इत्यादी आदिवासी जमातींना या रसाची माहिती होती. पुढे या गोडीला राजकीय अर्थ आला. वेस्ट इंडीजमधील उसाची साखर गुलामांच्या श्रमावर होत असे. १७९१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी टॉमस जेफर्सन यांना पत्ररूपाने एक प्रबंध लिहून मॅपलच्या साखरेचा पुरस्कार केला. काकवीपासून उन्हाळ्यात पिण्याजोगी सौम्य बिअर होते, असे ते सांगतात. या रसाची कडक दारूही होऊ शकते, पण लोकांनी तिकडे वळू नये, अशी आशाही व्यक्त करतात. जेफर्सन यांनी त्याच वर्षी मॉन्टिचेलो येथे मॅपलची रोपे लावली, परंतु बाग काही उभी राहिली नाही. मॅपलचा व्यवसाय वाढला तो थंड प्रदेशातच. आज जगातील सुमारे ७० टक्के पाक एकट्या क्वेबेक प्रांतात होतो.

व्हरमाँटच्या शेतकऱ्यांत आणखी एक चाल होती. हंगामाच्या शेवटी येणाऱ्या रसाचा पाक काळा व उग्र होतो. असा रस थोडा आटवून ते पिंपात आंबवीत आणि उन्हाळ्यात पीत. पाकाला न शोभणाऱ्या रसाला बिअरने असे स्थान दिले.

बिअरचे गणित

२० लिटर रसात सुमारे ४०० ग्रॅम साखर असते. ती सारी आंबली तरी मद्यार्क जेमतेम एक टक्क्याच्या आसपास भरेल. नेहमीच्या बिअरइतका, म्हणजे ५ टक्के मद्यार्क हवा असेल, तर एकट्या रसावर भागविताना सुमारे ८० लिटर रस आटवून २० लिटर करावा लागेल. दुसरा मार्ग सोपा आहे. मोड आणून वाळविलेली बार्ली, म्हणजे माल्ट, नेहमीप्रमाणे घ्यावे आणि पाण्याच्या जागी रस वापरावा. मग साखरेचा मुख्य पुरवठा माल्ट करते. यीस्टला लागणारे नत्रयुक्त पोषणही माल्टमधूनच मिळते, कारण रसात ते फारच थोडे असते. हॉप्सची फुले कडवटपणा आणतात आणि पेय टिकवितात.

मॅपलची बिअर गोड असेल ही अपेक्षा मात्र फोल ठरते. रसातील साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. मागे उरतो तो लाकडाचा पुसट स्वाद. तेव्हा शरदातील पातळ रस बिअरला चालतो, हे खरे.

हिशेब कशाचा?

एवढ्यावरून शरदात रस काढणे लाभाचे ठरते काय? एका छिद्रातून जाणारी साखर झाडाच्या साठ्याचा लहानसा भाग असते. खरा खर्च छिद्राचा आहे. छिद्र पाडताच त्यात सूक्ष्म जंतू वाढू लागतात आणि झाडही जखमेभोवतीच्या वाहिन्या बंद करू लागते. छिद्राच्या वर व खाली लाकडाचा एक पट्टा कायमचा निकामी होतो. शरदात पाडलेले छिद्र वसंतापर्यंत बरेचसे आटलेले असते. वसंतात नवे पाडावे, तर वर्षात दोन जखमा होतात. छिद्र घेण्याजोगे, सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचे खोड होण्यास साधारण ४० वर्षे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या जखमांची किंमत कळते.

हवामान उष्ण होत चालल्याने वसंतातील हंगाम बेभरवशाचा होत आहे, म्हणून काही उत्पादकांचे लक्ष शरदाकडे वळते. पण त्याने उत्पन्न दुप्पट होत नाही. शरदात मिळविलेले बरेचसे वसंतात गमावले जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत, रस हे व्याज आहे आणि निरोगी लाकूड हे मुद्दल. लवकरच तोडावयाच्या झाडाचा शरदातील रस बिअरसाठी अवश्य घ्यावा. जे झाड नातवंडांसाठी राखावयाचे, त्याला मात्र वर्षातून एकच छिद्र पाडावे, तेही दरवर्षी जागा बदलून. बिअर करावयाचीच असेल, तर त्या जुन्या शेतकऱ्यांप्रमाणे हंगामाअखेरचा रस घ्यावा, म्हणजे नव्या जखमेची गरजच उरत नाही.