अथेन्सच्या समाधिशिला आणि हेगेसोची दासी

ग्रीक शिल्पकला म्हटली की देवदेवतांच्या मूर्ती आणि पार्थेनॉनचे मंदिर एवढेच आपल्या ध्यानी येते. शालेय पुस्तकेही सहसा तेथेच थांबतात. परंतु ग्रीक समाज आतून कसा होता हे जाणून घ्यावयाचे असेल, तर मंदिरांपेक्षा स्मशानाकडे वळावे, असे आमचे मत आहे. अथेन्सच्या तटाबाहेर, वेशीपासून निघणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा, केरामेइकोस नावाची दफनभूमी आहे. केरामेइकोस म्हणजे कुंभारवाडा. कुंभारांच्या वस्तीवरून तिला हे नाव पडले. ये-जा करणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी पडावी अशा रीतीने येथे समाधिशिला उभ्या केल्या जात. आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ उभी दिसते, तिच्याशी या शिलांचे बाह्य साम्य आहे. मात्र वीरगळीवर वीर स्वर्गास गेलेला दाखवितात. अथेन्सच्या शिलेवर बहुधा स्वर्ग नसतो आणि देवही नसतो. घरात बसलेली, उभी असलेली, परस्परांचा हात हाती घेतलेली माणसेच तेवढी असतात.

या कलेचा आरंभ दगडात झालेला नाही. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात श्रीमंतांच्या थडग्यांवर माणसाच्या छातीपर्यंत पोहोचतील एवढे मातीचे रंगविलेले कुंभ ठेवीत. त्यांवर तिरडीवरचे प्रेत आणि डोक्यावर हात मारून आक्रोश करणारी माणसे त्रिकोण-रेषांत काढलेली आढळतात.

सहाव्या शतकात संगमरवर आला. त्या काळी थडग्यावर तरुणाची किंवा कुमारिकेची पूर्णाकृती मूर्ती उभी करीत. समोर पाहणारा चेहरा, ओठांवर मंद स्मित, दोन्ही हात अंगालगत आणि डावा पाय किंचित पुढे, ही तरुणाच्या मूर्तीची ठेवण. तिच्यावर इजिप्तचा ठसा स्पष्ट आहे. सुमारे इ.स.पू. ५३० मधील क्रोइसोस नावाच्या योद्ध्याची अशी मूर्ती प्रसिद्ध आहे. वाटसरूने थांबून या मृतासाठी शोक करावा, असे तिच्या बैठकीवरील लेख सांगतो. मेरेंडा येथे १९७२ साली सापडलेली फ्रासिक्लेया ही अविवाहित मरण पावलेली कन्या. विवाहाऐवजी देवांनी मला कुमारी हेच नाव दिले, असा तिच्या लेखाचा आशय आहे. या मूर्तींत त्या व्यक्तीचे हुबेहूब रूप शोधू नये. शिल्पकाराने आदर्श तारुण्य घडविले, व्यक्ती ओळखण्याचे काम अक्षरांवर सोपविले.

पुढे पाचव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे सत्तर वर्षे अथेन्समध्ये कोरीव समाधिशिला जवळजवळ दिसेनाशा झाल्या. दहा माणसांनी तीन दिवसांत उभारता येईल त्याहून मोठे थडगे बांधू नये असा एक कायदा अथेन्समध्ये होता, असे रोमन लेखक सिसेरो सांगतो. धनिकांच्या मिरवण्याला लोकशाही नगराने घातलेला हा लगाम असावा. इ.स.पू. ४३० च्या सुमारास, युद्ध आणि महामारीच्या दिवसांत, समाधिशिला पुन्हा उभ्या राहू लागल्या. पार्थेनॉनचे काम नुकतेच आटोपले होते आणि कुशल हात रिकामे होते. म्हणून या शिलांवरील वस्त्रांच्या चुण्या आणि शांत मुद्रा यांत पार्थेनॉनचीच शैली उतरलेली दिसते.

या काळातील सर्वोत्तम कृती म्हणून हेगेसोच्या शिलेचा उल्लेख करावा लागेल. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरची ही शिला १८७० मध्ये केरामेइकोस येथे सापडली. आज ती अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सुमारे दीड मीटर उंचीच्या या उठावशिल्पात हेगेसो डौलदार पाठीच्या आसनावर बसली आहे. तिचे पाय पाटावर टेकलेले आहेत. समोर उभ्या असलेल्या दासीने दागिन्यांची पेटी पुढे धरली आहे आणि हेगेसोने तिच्यातून एक अलंकार उचलला आहे. तो अलंकार रंगाने काढलेला होता. रंग उडाला, त्यामुळे आज तिच्या बोटांत काहीच दिसत नाही. दोघींचीही नजर त्या रिकाम्या जागेवर खिळलेली आहे.

इतिहासाच्या तासाला आम्ही या शिल्पाचे चित्र दाखवितो, तेव्हा मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : उभी आहे ती कोण? आमच्या बहुतेक मुलांच्या घरचे लोक दुसऱ्यांच्या शेतात आणि घरात राबतात. त्यांची दृष्टी आधी तिकडे जाते, आणि तो प्रश्न योग्यच आहे. शिलेच्या माथ्यावर “हेगेसो, प्रोक्सेनोसची” एवढीच अक्षरे आहेत. दासीचे नाव नाही. तिचा लांब बाह्यांचा अंगरखा परकीयांचा वेश मानला जाई. आता दोघींची डोकी पाहावीत. बसलेली मालकीण आणि उभी दासी जवळजवळ एकाच उंचीवर आहेत. म्हणजे हेगेसो उठून उभी राहिली तर दासीपेक्षा कितीतरी उंच भरेल, चौकटीतही मावणार नाही. शिल्पकाराने हा भेद इतक्या सहजतेने बसविला आहे की तो दाखवून दिल्याशिवाय जाणवत नाही. दासीचा चेहरा मात्र त्याने हलक्या हाताने उरकलेला नाही. तिच्या मुद्रेवरही तीच स्तब्धता आहे, आणि तिच्यावरही तितकीच मेहनत घेतली आहे.

ही मेहनत घेणारे हात कोणाचे? हेगेसोच्या शिलेवर शिल्पकाराचे नाव नाही. परंतु त्याच सुमारास, इ.स.पू. ४०९ ते ४०७ या काळात, एरेक्थेइऑन मंदिराचे काम चालू होते आणि त्याचे हिशेब दगडावर कोरलेले आहेत. त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच खांबावर खांद्याला खांदा लावून काम करताना आढळतात. मजुरीचा दर तिघांनाही सारखाच, दिवसाला एक द्राख्मा. गुलामाचा द्राख्मा मालकाच्या हाती जात असणार, हे वेगळे सांगावयास नको.

चौथ्या शतकात उठाव अधिक खोल झाला आणि शोक अधिक उघड झाला. सुमारे इ.स.पू. ३४० मधील इलिसोस नदीत सापडलेल्या शिलेवर मृत तरुण थेट आपल्याकडे पाहतो आणि म्हातारा बाप हनुवटीशी हात नेऊन त्याच्याकडे पाहतो. तरुणाच्या पायांशी एक लहानगा गुलाम मुलगा गुडघ्यांवर डोके टेकून मुटकुळे करून बसला आहे. साऱ्या शिल्पात शोकाने कोसळलेला असा तो एकटाच. बाप उभा राहू शकतो. या पोराचे पुढे काय होणार हे कोणास ठाऊक!

राबणाऱ्यांना शिलेवर कधीच स्थान मिळाले नाही असे मात्र नव्हे. ब्रिटिश म्युझियममध्ये मेलित्ता नावाच्या दाईची चौथ्या शतकातील शिला आहे. मेलित्ता गुलाम नव्हती. ती अथेन्समध्ये स्थायिक झालेल्या एका परकीयाची मुलगी होती. तिने सांभाळलेली हिप्पोस्त्राते तिला उद्देशून बोलते : जिवंतपणी तुझ्यावर माया केली, आता तू मातीखाली असतानाही तुझा मान राखते, आणि मी जगेन तोवर राखीन. शिल्प म्हणून ही शिला साधी आहे, हेगेसोच्या शिलेची सफाई तिच्यात नाही. पण येथे दाई आसनावर बसली आहे आणि तिचे नाव कोरलेले आहे.

इ.स.पू. ३१७ नंतर अथेन्सचा शासक देमेत्रिओस याने पुन्हा निर्बंध घातला. थडग्यावर तीन हातांहून उंच नसलेला बुटका खांब चालेल, कोरीव शिला चालणार नाही, असा नियम झाला. तसे खांब आज केरामेइकोसमध्ये जागोजागी दिसतात. त्यांवर मृताचे नाव, बापाचे नाव आणि गाव असते. शिल्पकारांना अथेन्समध्ये हे काम उरले नाही.