आज्ञांच्या स्क्रिप्टसाठी संगणकभाषा कोणती निवडावी?

सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी शाळेतील संगणककक्षाची देखभाल बहुधा एखाद्या शिक्षकाकडेच असते. दाखल्यांच्या नोंदींची रोज दुसरी प्रत काढणे, जुन्या फाइली हलविणे, नावांच्या याद्या लावणे ही कामे वारंवार करावी लागतात. ती संगणकाकडून आपोआप करून घेण्यासाठी आज्ञांचा जो छोटा लेख लिहितात, त्यास स्क्रिप्ट म्हणतात. ती कोणत्या भाषेत लिहावी, याचा येथे विचार करू.

लिनक्सवर पहिला पर्याय शेलचा. स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आले. ब्रायन फॉक्स यांचे बॅश १९८९ मध्ये. एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती देणे, हे शेलचे खरे बळ होय. दहा-पंधरा ओळींच्या कामास ते पुरेसे आहे.

परंतु त्यात धोकेही आहेत. ‘दहावी निकाल’ अशा मोकळी जागा असलेल्या नावाचा चल अवतरणचिन्हांत न घातल्यास शेल त्या एका नावाचे दोन तुकडे करते. फाइली पुसण्याच्या आज्ञेत फोल्डरचे नाव धारण करणारा चल रिकामा राहिला, तर एका फोल्डरऐवजी संपूर्ण संगणकावरील नोंदींवर गदा येऊ शकते. त्या नोंदींत कोणाची जन्मतारीख, तर कोणाच्या शिष्यवृत्तीचा आधार असतो.

लॅरी वॉल यांची पर्ल १९८७ ची. मजकूर चाळण्यात ती निष्णात. मात्र तिची अतिसंक्षिप्त शैली दुसऱ्यास वाचणे कठीण जाते. गिडो व्हॅन रॉसम यांची पायथन १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. पायथन ३ ‘सांगोला’ या शब्दाची लांबी ७ चिन्हे अशी मोजते. यूटीएफ-८ मध्ये तोच शब्द २१ बाइट व्यापतो. शेलची भाषा-मांडणी योग्य नसल्यास ते २१ हीच लांबी सांगते आणि नाव कापताना अक्षर मधेच तुटते. मराठी नावांच्या याद्यांसाठी हा भेद मोलाचा आहे.

म्हणून आमचे मत असे: केवळ आज्ञा जोडावयाच्या असतील तर शेल, याद्या, हिशेब, तपासणी आली की पायथन, सर्व यंत्रे विंडोजची असतील तर २००६ पासून उपलब्ध असलेले पॉवरशेल. भाषा कोणतीही असो, पुसण्याची आज्ञा प्रथम नमुना-फोल्डरवर चालवून पाहावी.

शिक्षक बदलतात, विद्यार्थी पुढे जातात. स्क्रिप्ट मात्र मागे राहते. आपल्यानंतर येणाऱ्यास जी वाचता येईल, तीच भाषा निवडावी.